हमीदाबींचं झाडणं

ही गोष्ट सांगायचं मी पंचवीसेक वर्षं टाळत आलो आहे. टाळताना फार कष्ट पडले असंही नाही, कारण मास्तर माणसाला विषय बदलणं चांगलं जमतं. निवृत्तीच्या समारंभात कुणी ‘सरांचा तो जपानचा उपक्रम’ असं म्हणालं की मी लगेच त्या वर्षीच्या पोरांची नावं काढायचो, कोण कुठं नोकरीला आहे ते सांगायचो आणि बोलणं पुढं सरकायचं. बायकोला मात्र काहीतरी आहे एवढं कळलं होतं. तिनं दोनदा विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं. आता ती नाही आणि मी अठ्ठ्याहत्तरीत आहे. आणखी टाळण्यात शहाणपण उरलेलं नाही.

निमित्त काजळीचं. दिवाळी झाली, साखर कारखान्याचा गळिताचा हंगाम सुरू झाला आणि जळोचीतल्या आमच्या गच्चीवर पुन्हा काजळी पडायला लागली. वाऱ्याचा रोख आमच्याकडं असला की पहाटे गच्चीवर काळे, लांबट, हलके कण पसरलेले असतात. बोट लावलं की बोट काळं आणि फुंकर मारली की नाक काळं. सून पांढरे कपडे घरात वाळत घालते. हवेत मळीचा आंबूस गोड वास असतो. बाहेरच्या माणसाला तो सहन होत नाही, आम्हाला त्याच्याशिवाय थंडी आल्यासारखी वाटत नाही. रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात, वळणावर मोळीतलं एखादं कांडं घसरून पडतं. पूर्वी त्या कांड्यावर चार पोरं झडप घालायची. आता ते तिथंच चिरडून जातं.

अशाच एका सकाळी मी गच्चीवर उभा होतो आणि ईश्वरी, माझी सातवीतली नात, माझं जुनं प्रमाणपत्र हातात घेऊन वर आली. तिच्या बारामतीच्या शाळेत ‘दुसऱ्या देशातल्या मुलाचा एक दिवस’ असा प्रकल्प होता.

“आबा, तुम्ही म्हणे पोरांना जपान शिकवायचा. पप्पा म्हणाले बक्षीस मिळालं होतं. हे वर्गात दाखवू का?”

प्रमाणपत्राची काच मधोमध तडकलेली. आतल्या वळणदार अक्षरात माझं नाव आणि त्याखाली ‘जपानी पद्धतीची शालेय स्वच्छता’.

“उद्या सांगतो,” मी म्हणालो.

“उद्या म्हणजे खरंच उद्या, का तुमचं उद्या?”

पोरगी हुशार आहे. माझं उद्या तिनं ओळखलेलं आहे.

बारामतीहून इंदापूरकडं जाताना भवानीनगर मागं टाकलं की लासुर्ण्याच्या अलीकडं एक फाटा आत जातो. त्या फाट्यावर, दोन्ही बाजूंनी उसानं दाबलेली आमची शाळा होती. आठ खोल्या, शहाबादी फरशी, खिडक्यांना गज पण तावदानं नाहीत. कारखान्याचं धुराडं शाळेच्या ओट्यावरून दिसायचं. हंगामाचे चार-पाच महिने रोज सकाळी फरशीवर काजळीचा थर असायचा आणि रोज सकाळी घंटा व्हायच्या आत तो नाहीसा झालेला असायचा. तो कसा नाहीसा होतो याचा मी कधी विचार केला नव्हता. सूर्य उगवतो तशी फरशी स्वच्छ होते, इतकंच माझं ज्ञान.

ती स्वच्छ करायच्या हमीदाबी. चाळिशीच्या, सडपातळ, हिरव्या काठाची साडी, आवाज मात्र ओट्यापासून फाट्यापर्यंत जाणारा. नवरा लवकर गेला होता. मूल नव्हतं. फाट्याजवळच भाड्याच्या एका खोलीत राहायच्या. संस्थेनं त्यांना रोजंदारीवर झाडलोटीला आणि पाणी भरायला ठेवलं होतं, आणि अकरा वर्षं त्या रोज पहाटे येत होत्या. पोरं त्यांना चाची म्हणायची. इंदापुरात त्यांच्या भावाची लाकडाची वखार होती.

मी पाचवी ते सातवीला भूगोल शिकवायचो. देशोदेशीच्या मुलांवर एक धडा होता, पानभराचा. त्यात जपानी मुलाच्या वाट्याला सहा ओळी आल्या होत्या. माझं त्यावर समाधान होईना. कारखान्यातले एक इंजिनिअर मशिनरी बघायला तिकडं जाऊन आले होते. त्यांच्याकडून मी फोटो मागून आणले. एका फोटोत पांढऱ्या टोप्या घातलेली मुलं एकमेकांना जेवण वाढत होती. दुसऱ्यात शाळेबाहेरचे बूट काढून आतले बूट घालत होती. तिसऱ्यात डोक्याला फडकं बांधून, ओणवी होऊन, वर्गाची फरशी पुसत होती. पोरांनी फोटो फिरवून फिरवून मऊ केले.

“सर, ह्यांच्यात शिपाई न्हाय का?” संजयनं विचारलं.

“शाळा आपली, तर केरही आपलाच, असं ते मानतात.”

“आन बूट का बदलत्यात?”

“बाहेरची घाण आत येऊ नये म्हणून.”

“मग आपुन त्यांच्या पुढं हाय. आपुन आत काहीच घालत न्हाय.”

वर्ग हसला, मीही हसलो. खरं होतं. चपला ओट्याखाली आणि पोरं अनवाणी आत, हे आमच्याकडं कुणी शिकवलेलं नव्हतं. वाढण्याचंही तसंच. मी डबे गोळा करून, चार पोरांना टोप्या घालून वाढायला उभं केलं. पण भाकरी मोडून एकमेकांच्या पुढ्यात टाकायची सवय असलेल्या पोरांना रांगेत उभं राहून वाढून घेणं म्हणजे कुणाच्या तरी बाराव्याला आल्यासारखं वाटलं. दोन दिवसांत ते बंद पडलं. राहिली ती स्वच्छता. ती आपल्याकडं नव्हती आणि ती मला आणायची होती. तेव्हा माझ्या मनात शंका नव्हती आणि पोरांनी आपली जागा आपण झाडावी याबद्दल आजही नाही. तो भाग मी मागं घेत नाही.

गावात मात्र खळखळ झाली. दुसऱ्याच दिवशी जगन्नाथराव मोटारसायकल ओट्याला लावून आले. पंधरा एकर ऊस, आवाज त्याच बेताचा.

“गुरुजी, आमचं पोरगं शिकाया धाडलंय का झाडाया?”

“जगन्नाथराव, जपानात मंत्र्याचं पोरगंसुद्धा झाडतं.”

“त्या मंत्र्याला ऊस नसल.”

“तुमच्या घरी गोठा कोण झाडतं?”

“मंडळी झाडती. का वं?”

“पोरगं शिकलं तर मंडळींच्या कंबरेला तेवढाच आराम.”

ते हसले नाहीत. पण पोराला काढूनही नेलं नाही. मी पटाच्या क्रमानं पाळ्या लावल्या, आणि त्यात कुणाचं घर, कुणाची जात, कुणाची पोर असा फरक केला नाही. याबद्दलही मला कुणासमोर मान खाली घालावी लागणार नाही.

पहिल्या दिवशी फजिती झाली. चाळीस पोरं, वीस झाडू आणि घरून आणलेली फडकी. कोरडे झाडू मारल्याबरोबर काजळी उडून डोळ्यांत गेली. मग कुणीतरी बादली ओतली. पाणी पडल्यावर काजळीची शाई झाली आणि फडक्यांनी ती भिंतीपर्यंत नेली. मी मधोमध पायजमा गुडघ्यापर्यंत धरून उभा. दारात हमीदाबी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“गुरुजी, ह्यो जपान हाय का तव्याचं बूड?”

“हसू नका हमीदाबी. तुम्ही रोज काय करता ते तरी सांगा.”

त्यांनी बाहेर जाऊन घमेल्यात लाकडाचा भुसा आणला. त्याच्यावर हातानं पाणी शिंपडलं, वरखाली केलं, एक मूठ दाबून पोरांना दाखवली. गोळा झाला, पण पाणी गळलं नाही.

“चाची, भाकरीच्या पिठागत?” सुनीता नावाच्या मुलीनं विचारलं.

“न्हाय गं, त्याच्या आदुगरचं. पानी नुसतं दावायचं, पाजायचं न्हाय.”

मग त्यांनी भिंतीच्या कडेनं भुशाची एक ओळ टाकली आणि मऊ केरसुणीनं ती ओळ दाराकडं ढकलत नेली. घाई नाही, उचलणं नाही, केरसुणी फरशीपासून सुटतच नव्हती. त्या ओळीच्या मागं फरशी निळसर, स्वच्छ उघडत गेली.

“काजळी उडती कशानं? तिला बसाया जागा न्हाय म्हून,” त्या म्हणाल्या. “तिला भुशावर बसू द्या. मग ती सवता दारापातूर येती.”

“कुणी शिकवलं तुम्हाला?”

“कोन शिकवतंय? बापाच्या वखारीत भुसा पायाखाली. जिकडं पडल तिकडं झाडत गेले, कळलं.”

पुढचे पंधरा दिवस माझा भूगोलाचा तास खऱ्या अर्थानं त्यांनी घेतला. एकेका पोराकडून मूठ दाबून घ्यायच्या, जास्त ओली झाली तर परत करायला लावायच्या. जगन्नाथरावांच्या पोराला म्हणाल्या, “झाडू तलवारीगत धरू नगंस, तुला कुनाला मारायचं न्हाय.” वखारीतून भुशाचं पोतं एस.टी.च्या टपावरून यायचं. पोरं फाट्यावर जाऊन ते उतरवून घ्यायची. महिन्याभरात आठही खोल्या वीस मिनिटांत चकचकीत व्हायला लागल्या आणि हमीदाबी ओट्यावर बसून नुसत्या हुकूम सोडायला लागल्या. “काय गुरुजी, मीच हेडमास्तर झाले की,” असं एकदा म्हणाल्या. आपलं काम पोरांच्या हाती देताना त्या इतक्या खुशीत होत्या, की आपल्या हाती काय उरणार हा विचार त्यांना शिवला नाही. तो मला शिवायला हवा होता.

संक्रांतीच्या आसपास जिल्ह्याच्या उपक्रम स्पर्धेचे तीन पाहुणे आले. पोरांनी डोक्याला पांढरी फडकी बांधली, भुशाची ओळ टाकली आणि दाराकडं नेली. पाहुण्यांतल्या बाई वाकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, “ही ओल्या भुशाची कल्पना फारच छान आहे. कुठून घेतली?”

हमीदाबी माठाजवळ पाण्याचे पेले ट्रेमध्ये भरत होत्या. पाच हातांवर असतील.

“जपानी पद्धत आहे, बाई,” मी म्हणालो.

हे ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. पण बोलल्यावर ते मागं घ्यायला माझ्याकडं पूर्ण दीड तास होता. चहा झाला, पोहे झाले, फोटो झाले. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. हमीदाबींनी ट्रे माझ्यासमोर धरला. मी पेला उचलला आणि त्यांच्याकडं बघितलं नाही.

माझ्या अहवालात एक वाक्य होतं, ‘शाळेची संपूर्ण स्वच्छता विद्यार्थी स्वतः करतात.’ मला ते फार आवडलं होतं. लिहिल्यावर दोनदा मोठ्यानं वाचलं होतं. संस्थेच्या बैठकीत अध्यक्षांनीही ते मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं.

“सर, अध्यक्षांनी विचारलंय, पोरं सगळं करत असतील तर बाईंची गरज आहे का? माझं म्हणणं, तुमचा उपक्रम आहे, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं कळवतो.”

म्हणजे निकाल माझ्या जिभेवर होता. गरज आहे म्हणालो असतो तर हमीदाबी राहिल्या असत्या. पण मग ते वाक्य खोटं ठरलं असतं, आणि स्पर्धेचा निकाल लागायचा होता. वाक्य तसं खोटंच होतं. माठ कोण भरत होतं, संडास कोण धूत होतं, सुट्टीच्या दिवशी साठलेली काजळी सोमवारी पहाटे कोण काढत होतं, हे मला तोवर चांगलं माहीत झालं होतं.

“पोरं करतात,” मी म्हणालो.

महिनाअखेरीला त्यांचं काम थांबलं. त्या दिवशी त्यांनी आठही खोल्यांच्या केरसुण्या बांधून नीट केल्या आणि अर्धं पोतं भुसा माझ्या वर्गात आणून ठेवला.

“वरनं आदेश आलाय म्हनं,” त्या म्हणाल्या. “आता तुमी तरी काय करनार, गुरुजी. भुसा सपला की वखारीत निरोप धाडा. भाऊ दील.”

मी बरं म्हणालो. निरोप कधी धाडला नाही. भुसा मार्चात संपला. मला शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र मिळालं. पुढच्या हंगामात नवी पोरं होती, मीही दुसऱ्या कशात तरी गुंतलो आणि फरशीवर काजळी राहायला लागली. वर्षभरानं संस्थेनं एका माणसाला झाडलोटीला ठेवलं. तो कोरडा झाडायचा.

ईश्वरीला मी त्या उद्याच्या दिवशी हे सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ती उठून लॅपटॉप घेऊन आली.

“आबा, हे वाचा. जपानात पूर्वी चटया झाडताना चहाचा ओला चोथा टाकायचे. त्याला धूळ चिकटायची. म्हणजे तुम्ही खोटं नव्हता बोलला.”

तिच्या चेहऱ्यावर मला सोडवल्याचा आनंद होता. मी ते दोनदा वाचलं. क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करतो. तिकडच्या कुणा बाईनं आणि इंदापूरच्या वखारीतल्या एका मुलीनं एकच गोष्ट आपापल्या फरशीकडून शिकावी, हे किती सुंदर आहे. हे मला तेव्हा माहीत असतं तर वर्गात काय रंगवून सांगितलं असतं. पण माहीत नव्हतं. मी बोललो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर चहाचा चोथा नव्हता, हमीदाबींचा हात होता.

“मी खोटंच बोललो होतो,” मी तिला सांगितलं. “नंतर खरं निघालं ते माझं नव्हे.”

तिनं लॅपटॉप मिटला. “मग त्या आजींना भेटलात का कधी?”

भेटलो होतो. आठ वर्षांपूर्वी, असाच हंगाम. बारामतीहून एस.टी.नं इंदापूरला गेलो. वाटेत लासुर्ण्याचा फाटा आला तेव्हा खिडकीतून बघितलं नाही. वाक्य तयार करून गेलो होतो, गाडीत मनातल्या मनात घोटत होतो. वखार आता भाच्याकडं होती. मागच्या खोलीत हमीदाबी बाजेवर बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, आवाज मात्र तोच.

“आगं बया, गुरुजी,” त्या म्हणाल्या आणि भाच्याच्या बायकोला हाक मारली. “हितं ये गं. ह्ये आमचं गुरुजी. ह्यांनी माझं झाडनं जपानला न्हेलं.”

मला काही समजेना. मग त्यांनीच सांगितलं. त्या पाहुण्यांच्या दिवशी, सगळे गेल्यावर, सुनीता त्यांच्याकडं पळत गेली होती. सर म्हणाले तुमची पद्धत जपानात चालते, असं तिनं सांगितलं. पोरीनं माझं वाक्य आपल्या परीनं सरळ केलं होतं. ते उराशी धरून हमीदाबींनी इतकी वर्षं काढली होती. भाच्याची बायको हसत म्हणाली, “आत्या पाव्हन्यारावळ्याला बी सांगत्यात. आमच्या आत्यांचं झाडनं इमानात बसून गेलं.”

“पोरं आजून भुसा टाकून झाडत्यात का वं?” हमीदाबींनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

चहा आला, बशीत बिस्किटं आली. मी दोन वेळा घसा साफ केला. माझं वाक्य बाहेर काढायचं तर आधी त्यांचं वाक्य काढून घ्यावं लागणार होतं. जपानला काही गेलं नव्हतं, आणि वरून कुठलाही आदेश आला नव्हता. हे सांगणं त्यांच्यासाठी होतं की माझ्यासाठी, याचा निवाडा मला त्या बाजेसमोर करता आला नाही. निघताना त्या दारापर्यंत आल्या. उंबऱ्याशी भुसा सांडला होता, तो त्यांनी पायानं बाजूला केला आणि म्हणाल्या, “गुरुजी, तुमी आलात ह्येच लई झालं. दुसरं काय बोलाया पायजे आसं न्हाय.” त्यांना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, ते मी विचारलं नाही. परतीच्या गाडीत बसलो तेव्हा बरं वाटत होतं. ते बरं वाटणं मला पुढं फार दिवस टोचलं.

पुन्हा जाईन असं दरवर्षी काजळी पडली की ठरवायचो. यंदाच्या पावसाळ्यात भाच्याचा फोन आला, की आत्या गेल्या.

ईश्वरीनं वर्गात प्रमाणपत्र नेलं नाही. तिनं एका कागदाचे दोन भाग केले. एकीकडं जपानी मुलीचा दिवस आणि दुसरीकडं ‘हमीदाबी यांचा दिवस, पहाटेपासून’. जपानचा भाग तिनं लॅपटॉपवरून घेतला. दुसरा मी सांगितला आणि सांगताना लक्षात आलं, की जपानी मुलगी कितीला उठते ते मला अजून पाठ आहे. हमीदाबी कितीला उठायच्या ते मला माहीत नव्हतं. भाच्याला फोन करून विचारलं. साडेतीनला.

काल सुताराकडून पिशवीभर भुसा आणला. पाणी नुसतं दाखवलं, मूठ दाबून बघितली आणि गच्चीवर कडेनं ओळ टाकली. कंबर साथ देत नाही, तरी अर्धी गच्ची झाली. काजळी दारापर्यंत आली. मग पायरीवर बसलो आणि इंदापूरच्या गाडीत घोटलेलं ते वाक्य पहिल्यांदा मोठ्यानं म्हणून बघितलं.

हमीदाबी, ती पद्धत तुमची होती, आणि तुम्ही पाच हातांवर उभ्या असताना मी ती दुसऱ्याची म्हणून सांगितली. तुमचं काम वरच्या आदेशानं गेलं नाही, मला विचारलं होतं आणि मी ‘पोरं करतात’ म्हणालो. पोरं करत होती ते तुम्ही शिकवलं होतं म्हणून. माझं चुकलं. मला माफ करा.